एक दिवसाआड पोस्टमास्तरांची गोळी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (डॉक्टरीणबाईंनी वाकायला परवानगी दिली आहे, तेव्हा या वेळचा खरोखरचा समज.) पत्र पोचलं. दाजींचा गुडघा, गच्चीवरची मांजर आणि तुमचे तीन जिने, सगळ्यांची खुशाली कळली. आता प्रत्येक जिन्यावर थांबून तू शेजाऱ्यांच्या कुंड्या बघतेस, हे वाचून कौतुक वाटलं. शेवटी विचारलंस, की हृदयाच्या इस्पितळात माणसाचं नक्की काय करतात आणि फार दुखतं का. वर ‘सहज विचारतेय’ असंही लिहिलंस. सहज विचारलंस, तर सविस्तर सांगतो.

छातीत कळ आली तेव्हा मी एका मनगटी घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बसलो होतो आणि ती बसवल्याशिवाय उठणार नाही म्हणत होतो. तुझ्या वहिनीने चिमट्यासकट मला गाडीत कोंबलं. तिथे हातातून बारीक नळी घालून तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली. पुढे त्याच इस्पितळात एका नव्या औषधाचं संशोधन निघालं. झटका येऊन गेलेल्या निम्म्या लोकांना नेहमीच्या औषधांबरोबर नवी गोळी, उरलेल्यांना दिसायला हुबेहूब तशीच, पण आत औषधच नसलेली. कोणाच्या वाट्याला कोणती, हे ना आपल्याला ठाऊक ना डॉक्टरांना. मी सही ठोकून मोकळा झालो. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं उघडून आत डोकावणाऱ्या माणसाला असली झाकली मूठ सोसवेल का, हे सहीच्या वेळी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

तपासणीच्या बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर असत. त्यांचा झटका माझ्याहून चार दिवसांनी मोठा, म्हणून ते मला वडीलकीने वागवत. एकदा ते आपली बाटली घेऊन दुकानात आले. डोळ्याला भिंग लावून मी त्यांची-माझी अशा दोन्ही गोळ्या तपासल्या, कापल्या, शेवटी चाटल्यासुद्धा. (दोन्ही सारख्याच कडू.) मग आमचे चेहरे उतरले. समजा एकाला औषध आणि दुसऱ्याला नुसता खडू मिळत असला, तर? मैत्रीला हे शोभेना. तेव्हा ठरलं, एक दिवसाआड गोळ्या बदलून खायच्या. आणि काय सांगू ताई, त्यांच्या गोळीच्या दिवशी मी शीळ घालत जिना चढे, आणि माझ्या गोळीच्या दिवशी ते बागेला चार फेऱ्या मारत. खरी गोळी दुसऱ्याचीच, अशी दोघांचीही खात्री. मित्राच्या तोंडचं औषध आपण खातोय म्हणून दोघेही मनातून ओशाळलेले.

हे वर्षभर बिनबोभाट चाललं असतं, पण संशोधनवाल्यांनी प्रत्येकाला रोज भरायची एक वही दिली होती. पोस्टमास्तरांनी जन्मात नोंद चुकवलेली नाही. ‘सोमवार, स्वतःची. मंगळवार, घड्याळवाल्यांची, पोच घेतली.’ पोच म्हणून खाली माझी सही! ती वही त्यांनी अभिमानाने स्वतःच नेऊन दिली. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, ‘नवी गोळी चांगलीच आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आम्हाला ठाऊक असतं, तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?’ कदाचित ती अपायही करत असेल, तेच तर शोधायचं होतं. कुठल्या तरी अनोळखी माणसाला उद्या हे उत्तर लागणार होतं आणि आम्ही त्यातच पाणी घातलं होतं. खरंच लाज वाटली. दोघांनी कान धरले. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला संशोधनातून काढून मात्र टाकलं नाही. वाटणीत ज्या गटात गेलो त्यातच आम्हाला शेवटपर्यंत मोजणार होते. फक्त सगळ्यांच्या वहीत एक नवा प्रश्न आला: ‘आपली गोळी दुसऱ्या कोणाला दिलीत का?’ एवढी एक ओळ आमच्यामुळे आहे, हे पोस्टमास्तर भेटेल त्याला सांगतात.

गेल्या आठवड्यात गुपित फुटलं. आम्ही दोघेही बिनऔषधाच्या गटात! गोळ्या बदलल्या तेवढे दिवस एकमेकांना अत्यंत प्रामाणिकपणे काहीच देत नव्हतो. इतके हसलो, की नर्सबाईंनी धावत येऊन रक्तदाब मोजला. (नव्या गोळीने थोडा फायदा होतो म्हणे. आम्हाला द्यायची की नाही, ते आता डॉक्टरीणबाई ठरवतील. आम्ही चाटून बघणार नाही.)

दाजींना नमस्कार, मांजरीला जे काय सांगायचं ते.

तुझा धाकटा

ता. क. तुमच्या जिन्यावर कुंड्या नाहीत, ताई. मी विसरभोळा असलो तरी तो जिना तुझ्यासोबत शंभरदा चढलोय. मंगळवारी दहाला डॉक्टरीणबाईंकडे तुझं नाव घातलं आहे. दाजींना मी कळवलेलं नाही, ते तू सांग.

ता. क. दुसरा. मुख्य उत्तर राहिलंच. फार दुखत नाही. भीती मात्र वाटते, मलाही वाटली होती. म्हणून मी पावणेदहालाच इस्पितळाच्या दारात उभा असेन. पोस्टमास्तरही येतो म्हणतात. त्यांनी प्रेमाने काहीही पुढे केलं, तरी तोंडात टाकू नकोस.