ताईची जोडाक्षरं

४ मार्च
भाऊजी हसले! झटका येऊन ताई जिन्यावरून पडली म्हणे; तेव्हापासून तिचा आवाज गेलाय, टॅबवर लिहिते तेवढंच तिचं बोलणं. 'पाणी' लिहिलं, बरोबर. 'उशी', बरोबर. मग चष्म्याकडे बोट दाखवून काहीतरी लिहिलं तर स्क्रीनवर भलतंच, मध्येच कुठलंसं परकं अक्षर. "डोकं गेलंय हिचं," भाऊजी म्हणाले. तिच्यासमोर!

५ मार्च
डॉक्टरांचंही तेच. "मेंदूतून भाषा पुसली जाते कधी कधी." ताईने टॅब पालथा घातला.

रविवारी घरी नेणार म्हणे. भाऊजींना घाई फार.

७ मार्च
ऑफिसात बसवत नाही. स्क्रीनवर अक्षरं जुळवणारा प्रोग्राम — हेच माझं काम, आणि चित्त सगळं दवाखान्यात. उठले, बसले, चहा गार.

आणि एकदम लखकन — 'उशी' चुकत नाही, 'चष्मा' चुकतो. फक्त जोडाक्षरं! बिघडलेलं डोकं इतकं निवडून कसं चुकेल?

संध्याकाळी तिच्या टॅबवर मी स्वतः 'चष्मा' लिहिलं. तोच घोळ! उचलली जीभ लावली टाळ्याला — लिहून बघितलं कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

८ मार्च
सापडलं. टॅबमध्ये आमचाच प्रोग्राम. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. जोडाक्षर झालं की तिथे फॉन्टमधल्या आकृतीचा क्रमांक बसतो. एकाच रांगेत दोन जातींचे आकडे — कुठला अक्षराचा, कुठला आकृतीचा, ही खूण हवीच. नव्या आवृत्तीत ती गळलीय. मग पुढची पायरी आकृतीच्या आकड्याला अक्षर समजून भलतंच काढते.

ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला, "म्हणजे घर एकाचं, पाटी दुसऱ्याची!" हसू आलं नाही. दुरुस्त करायला बसलो दोघं.

१० मार्च
नवा प्रोग्राम टाकला. 'चष्मा' झक्क उमटला. ताई कितीतरी वेळ त्या शब्दावरून बोट फिरवत होती. डॉक्टर ओशाळले.

भाऊजींना फोन केला — "ताई अगदी शुद्धीत आहे हो! सगळं कळतंय तिला, सगळं लिहिता येतंय!"

पलीकडून नुसतंच "बरं."

एवढंच? बरं?

११ मार्च
भाऊजी गाडी आणायला खाली गेले. ताईने भराभर लिहिलं, टॅब माझ्यापुढे धरला — "ह्यांच्याबरोबर पाठवू नकोस. त्या दिवशी जिन्यावरून मला ह्यांनीच ढकललं."

मी उठून दाराला आतून कडी घातली.