रिपोर्टला दिलेला होकार

प्रिय वर्षू,

फोनवर बोलायचं तर तुझी आई शेजारी कान देऊन बसते, म्हणून लिहायला घेतलं. माझ्या अक्षराला हसू नकोस.

काल मोशीहून उगाचच चिंचवड स्टेशनला जाऊन आलो. कंपनीची बस थांबायची ती जागा आता ओळखू येत नाही. चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून मी उतरायचो आणि तू आधी माझा डबा ओढून घ्यायचीस. कॅन्टीनमधले गुलाबजाम मी तुझ्यासाठी राखून आणायचो ना! पप्पांच्या कंपनीत काय बनतं, असं बाईंनी विचारलं तेव्हा तू भर वर्गात ठणकावून सांगितलंस, गुलाबजाम. मी जन्मभर गाड्यांचे गिअर कापले, पण तुझ्या शाळेत हलवाईच राहिलो. ते दिवस फार आठवतात गं. सेफ्टी शूज काढायलाही तू उसंत द्यायची नाहीस.

तब्येत बरी आहे. ऑपरेशनचा व्रण खाजतो, भाकरी अर्धीच जाते. लिव्हरमधून काढलेल्या गाठीतली प्रथिनं तपासली, तो रिपोर्ट आईने तुला रडत रडत सांगितलाच. मी डॉक्टरांना पुन्हा नीट विचारलं. एक प्रथिन माझ्या गाठीत जास्त निघालं, आणि ते जास्त असलं की कॅन्सर दोनेक वर्षांत परतायची भीती अधिक. पण हा अंदाज शेकडो पेशंटवरून बांधलेला, तुमच्या एकट्याचं भविष्य नव्हे, असं ते म्हणाले. घरात मात्र त्याच दिवशी पंचांग उघडलं. आक्काबाई आत्या तर दारातूनच म्हणाली, "दादाच्या डोळ्यांदेखत पोरीचं हून जाऊ द्या." सांगवीच्या दिग्विजयचं स्थळ आलं. संशोधनासाठी नागपूरला जायचंच म्हणून माझ्याशी आठवडाभर अबोला धरून तिकडे गेलेली तू, एका फोनवर हो म्हणालीस. ते हो त्या मुलाला नव्हतं, माझ्या रिपोर्टला होतं. एवढं मला कळतं.

भीती मलाही वाटते, वर्षू. तुझं लग्न बघायची हौसही दांडगी आहे. पण माझ्या गाठीत काय निघालं यावरून तुझं लग्न ठरणार असेल, तर ते मला बघवणार नाही. म्हणून आज सकाळी स्वतः सांगवीला जाऊन आलो. तारीख धरू नका, मुलगी तिच्या मनाने काय ते कळवेल, असं सांगितलं. मुलगा चांगला आहे, शांतपणे ऐकून घेतलं त्याने. तुला तो खरंच आवडला तर मी नाचत अक्षता वाटीन. फक्त आईला अजून यातलं काही ठाऊक नाही. तेवढ्यासाठी रविवारी ये. ऑपरेशनला एकटा आत गेलो, पण तिच्यासमोर एकट्याने उभं राहायची माझी छाती नाही.

तुझाच,
हलवाई पप्पा