गडीमाणसांचं बोलणं

बाई, या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण शाळा सुटल्यावर माझं काय झालं हे तुम्हांला कळलंच नाही. पाण्याच्या पंपांचे लाकडी पॅटर्न, म्हणजे जे वाळूत दाबून काढले की उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात ते नमुने. त्यांची मोजदाद मी सोडून दिली. कंग्राळीतल्या घराचे सगळे दरवाजे, सागवानी, एकाही जोडाला खिळा नाही. लेकीचा पाळणा. देवळातल्या पालखीचा मोडलेला दांडा, असा जोडला की सांधा पुजाऱ्याला बोट ठेवून दाखवावा लागतो. आणि गेल्या वर्षी पुरी केलेली एक कादंबरी. माझी नव्हे, एका जुन्या इंग्रजी कादंबरीचं मराठी भाषांतर. दहावीनंतर मला कुणी शिकवलं नाही, ना लाकूडकाम ना इंग्रजी. दोन्ही माझं मी शिकलो, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

कादंबरी तीच, तुमची. नववीच्या वर्गात पोर्शन संपला की तुम्ही ती पिशवीतून काढायच्या. साहेब-मडमांचं बोलणं छापील मराठीत सांगायच्या, पण शेतावरची गडीमाणसं गुत्त्यात बसून बोलायला लागली की पदर खोचला जायचा आणि आवाज बदलायचा. “व्हय रं, मालक लई श्याना! गेलतो की त्याच्याकडं. बस म्हनला न्हाय, ऊठ म्हनला न्हाय.” वर्ग बाकांवर लोळायचा. माझे आप्पा असंच बोलायचे, आणि ते पुस्तकात, तेही इंग्रजी पुस्तकात, बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मग एक दिवस हेडमास्तर दारात उभे. “बाई, ही भाषा पोरं घरून घेऊन येतात. ती घालवायचा पगार घेतो आपण.” तुम्ही “बरं, सर” म्हणालात आणि पुस्तक मिटलंत. गोष्टीचा शेवट आम्हांला कळलाच नाही.

पुढं तीस वर्षं मी इंग्रजी वाचलं ते फक्त फाउंड्रीतल्या यंत्रांच्या ड्रॉइंगवरचं. मग बेळगावात रद्दीच्या दुकानात तीच कादंबरी हाताला लागली, मागचं पुठ्ठ्याचं पान गेलेलं, पण शेवट शाबूत. डिक्शनरी घेऊन बसलो. साहेब लोक बोलायला लागले, गडीमाणसं मात्र गप्प. त्यांचे निम्मे शब्द डिक्शनरीतच नव्हते. तुमचा आवाज आठवून वाचावं तर नुसता तुमचा आवाज आठवे, पानावरचं काही हलेना.

लेक तिकडं, साहेबाच्या देशात, नोकरीला आहे. तिनं तिकीट काढलं तेव्हा मी राजवाडा बघायला नको म्हणालो. कादंबरीतला मुलूख तिच्या घरापासून बसनं दोन तासांवर. उघडा माळ, दगड रचून घातलेले बांध, वाऱ्याला पाठ करून उभी मेंढरं. आम्ही गुत्त्यात बसलो आहोत, शेजारी एक म्हातारा मेंढपाळ, टेबलाखाली त्याचं कुत्रं. लेक म्हणते, “बाबा, नका हो, अनोळखी माणूस!” तोवर मी पुस्तक उघडून त्याच्यापुढं सरकवलेलं. त्यानं ते कधी वाचलेलं नव्हतं. चष्मा पुसून एक ओळ वाचली, मग मोठ्यानं दुसरी, आणि तिसरीला तो इतका हसला की कुत्रं बाहेर आलं. म्हणाला, हा तर आमचा चुलता! पुन्हा पहिल्यापासून वाचलं त्यानं, हात उडवत, मध्येच बिअरचा घोट घेत. शब्द मला पुरते कळत नव्हते, पण कुठं थांबायचं, कुठं टोचायचं, ते सगळं मी नववीत ऐकलेलं होतं. बाई, तुम्ही बरोबर वाचत होता. कधी न गेलेल्या गावचं.

परत आलो आणि कामाला लागलो. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरला दहा मिलिमीटर मोठा ठेवतात. विनोद त्याहून जास्त आकसतो. म्हणून गड्यांचं एकेक वाक्य मी फाउंड्रीत जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवी. आमचा वाळूचे साचे भरणारा मोल्डर भाकरी मोडता मोडता म्हणायचा, “आण्णा, असं कोन बोलतंय? ‘मी आलो होतो’ म्हनं! ‘आलतो’ म्हना की सरळ.” तो हसेपर्यंत मी वाक्य सोडलं नाही. गावच्या वाचनालयात पहिलं प्रकरण वाचलं तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि एक म्हातारी म्हणाली, “ह्यो त्या देशाचा न्हाय बाबा, ह्यो आमच्या गल्लीतलाच हाय.”

तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, टाकणारही नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली, ती घरीही धड सांगितलेली नाही. पुण्याच्या एका प्रकाशकाचा फोन आला होता. माणूस सभ्य. भाषांतर उत्तम आहे म्हणाला, फक्त गडीमाणसांचं बोलणं शुद्ध करून द्या, वाचकाला जड जातं. मी “बरं, सर” म्हणालो नाही. आता बेळगावातच छापतोय, स्वतःच्या खर्चानं, एकही शब्द न बदलता. बायकोला मी पंचवीस हजारांवर पाणी सोडलं असं सांगितलंय. ते पंच्याहत्तर देत होते.