बागेतली चूल

बर्लिन, ८ नोव्हेंबर १९३१, रविवार
खोली काल सोडावी लागली. हातगाडीवर गादी, भांडी, बायबल— आणि बागेतल्या झोपडीत येऊन पडलो. एवाल्ड कामाला होता तो ओतकाम कारखाना बंद झाल्यापासून हिशेबाला जमेची बाजूच नाही. ही जागा सासऱ्यांची, एवाल्डच्या वडिलांची. कामगारांना भाजीपाल्यापुरते जमिनीचे तुकडे वाटले, तेव्हा त्यांच्या वाट्याला उकिरडा आला. काचा वेचून त्यांनी त्याची कसदार जमीन केली. एवाल्ड खोकत म्हणतो, "चला बाईसाहेब, बंगल्यात आलो."
चर्च चुकलं. स्तोत्र इथेच म्हटलं.

११ नोव्हेंबर
फाटकावर फळा आहे— हिवाळ्यात बागेत राहायचं नाही, राहिल्यास जागा काढून घेऊ. खाली बागमंडळाचे अध्यक्ष क्लाम्ट यांची सही. कुंपण वीतभर वाढलं तरी दंड करणारा माणूस! जागा गेली तर छप्पर गेलं, खड्ड्यात पुरलेले बटाटे गेले.
पहाटे अंधारात चूल पेटवते, उजाडायच्या आत विझवते. कोबी-बटाट्याला एक उकळी, मग पातेलं गवत भरलेल्या पेटीत. दुपारपर्यंत कोमट राहतं. कोळसाही वाचतो.

२ डिसेंबर
क्लाम्ट रोज उजाडता फाटकाशी येतात. आमच्या धुराड्याकडे बघतात, निघून जातात. विझवलं तरी धूर रेंगाळतोच मेला. एका शब्दाने बोलत नाहीत. पुरावा जमवताहेत, दुसरं काय.

१३ डिसेंबर
नाताळाआधीच्या चार रविवारांतला तिसरा; दर रविवारी एक मेणबत्ती लावायची रीत. लावली नाही, उजेड दिसेल. एवाल्डला ताप. छाती वाजते.

१७ डिसेंबर
बादलीतलं पाणी गोठलं. क्लाम्ट आज फार वेळ उभे होते. उद्यापासून चूल बंद— पहाटेचीसुद्धा.
एवाल्ड म्हणाला, "थोडी लाव गं. नुसते हात शेकतो."
म्हटलं, जागा गेली तर जायचं कुठे? ईस्टरपर्यंत, थंडी सरेपर्यंत, कळ काढ.
"तुझा ईस्टर लांब आहे," म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.
माझी शाल त्याच्यावर घातली. देवा, तूच बघ.

१९ डिसेंबर
चूल नाही. तो आता मागतही नाही.

२० डिसेंबर, रविवार
एवाल्ड पहाटे गेला. देवाची इच्छा.

२० डिसेंबर, दुपार
क्लाम्ट आले. हातात कोळशाची पिशवी. दारातूनच म्हणाले, "बाई, रोज धूर बघून जात होतो. दिसला की बरं वाटायचं, दोघं आहेत म्हणून. तीन दिवस दिसला नाही."
मग आत पाहिलं. टोपी काढली.
चूल त्यांनीच पेटवली. झोपडी आता उबदार आहे.