डेडलाइनच्या आदल्या दिवशी

श्रूजबरी,
८ मार्च

प्रिय मंजूताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. इथे ड्राइव्हवेवर अजून बर्फ आहे. अनिकाचा खोकला गेला. अतुल मजेत.

"डेडलाइन कशी गेली?" असं तू दोनदा विचारलंस. फोनवर धड बोलता येणार नाही, म्हणून ही लांबलचक मेल.

माझं काम तुला माहीत आहे. आइस हॉकीचे खेळाडू टीम्स आपसांत बदलतात, त्यात कोणाच्या बदल्यात काय मागावं, हे मी आमच्या टीमला आकडे लावून सांगते. कालच्या दुपारनंतर या सीझनपुरती अदलाबदल बंद, हीच ती डेडलाइन. त्याआधीचा आठवडा म्हणजे नुसती धावपळ.

आमच्या ब्रेडनला एक मोठी टीम मागत होती. बदल्यात दोन तरुण खेळाडू. माझ्या हिशेबाने सौदा आमच्या फायद्याचा होता. पण व्हिडिओत तो पकमागे, म्हणजे त्या रबरी चकतीमागे, डावीकडे वळायला उशीर करताना दिसला. पूर्वी असं नव्हतं. गुरुवारी त्याला बोलावून क्लिप दाखवली, तर त्याने स्क्रीनवरून नजर काढली. "लाइट कमी कर ना," म्हणाला.

मी विचारलं, "डोकं दुखतंय?"

"जानेवारीत आपटलो तेव्हापासून. कधीकधी पक दोन दिसतात." मग हळूच म्हणाला, "नैना, प्लीज. तिकडे माझं घर जवळ आहे. ही माझी शेवटची संधी. कोणाला सांगू नकोस."

ताई, तो अक्षरशः हात जोडल्यासारखा बसला होता. मी "बरं" म्हटलं. गाडीत येऊन बसले, पण गाडी सुरू करवेना. पुन्हा डोक्याला मार बसला तर? परत आत गेले आणि टीमच्या डॉक्टरांना सांगितलं.

त्यांनी तपासलं. त्याचा सीझन संपला. पुढे कधी खेळेल, ते डॉक्टर सांगत नाहीत. सौदा फिसकटला. कॉरिडॉरमध्ये ब्रेडन समोरून आला आणि मान वळवून गेला. माझे फोन तो घेत नाही.

काल संध्याकाळी बॉसने बोलावलं. "तुझं काम किंमत सांगायचं होतं," एवढंच म्हणाला. मग एचआरची बाई आली. कारण दिलं रिस्ट्रक्चरिंगचं.

नोकरी गेली, ताई. आम्हा दोघांचे व्हिसा माझ्याच नोकरीवर आहेत. आणि अतुलला मी अजून सांगितलेलं नाही. काल तो पिझ्झा घेऊन आला, "संपली एकदाची तुझी डेडलाइन!" म्हणाला. मी हसून दोन तुकडे खाल्ले.

पुन्हा वेळ आली तरी मी डॉक्टरांकडेच जाईन. पण अतुलसमोर हे एवढ्या ठामपणे म्हणता येईल का, माहीत नाही.

तो अनिकाला स्विमिंगहून घेऊन आला वाटतं, गॅरेजचं दार वाजलं. अनिकाला वर पाठवते आणि त्याला सांगते. तू आज फोन जवळच ठेव.

तुझी, खूप घाबरलेली,
नैना