ओलं वजन

१३ ऑक्टोबर

आजच्या माद्या लठ्ठ! सुरीला चरबी चिकटत होती. हात साबणानं धुतले तरी तेलकटच. थंडीच्या आधी हे असंच — पुढं खायला मिळणार नाही म्हणून मासा अंगात साठवून ठेवतो. दर महिन्याला त्याच तलावातले मासे प्रयोगशाळेत आणायचे, मांस, काळीज, अंड्यांची गाभोळी वेगळी करायची, तोलायची, ओव्हनमध्ये वाळवायची, पुन्हा तोलायची. लागोपाठची दोन वजनं जुळेपर्यंत परत ओव्हनमध्ये. शेजारच्या टेबलावरचा सहकारी — आम्ही त्याला एक्सप्रेस म्हणतो — एकदाच तोलतो आणि पुढचा आकडा ठोकून देतो. आज पकडला. "काट्यानं सांगितलं तेच लिहायचं," म्हटलं. म्हणाला, "मॅडम, तुम्ही झोपेतसुद्धा तोलत असाल." मेला.

घरी आले तर ताईचं ताट तसंच झाकलेलं. दोन घास खाल्ले म्हणे. मग माझंही अन्नावरचं मन उडतं.

१९ ऑक्टोबर

वजनकाटा आणला. ताईला मोतीबिंदू, आकडे दिसत नाहीत. ऑपरेशन म्हटलं की "बघू गं". मीच वाकून वाचलं — बावन्न. "मासे संपले वाटतं, आता मला तोलतेस," म्हणाली. "त्यांना नंतर जाळतेस ना? मला आधीच सांग हं." दर रविवारी तोलायचं ठरवलंय. ती कितीही कुरकुर करो.

२३ नोव्हेंबर

आजही बावन्न. जेवण चिमणीएवढं, पण काटा हलत नाही म्हणजे खाल्लेलं अंगी लागतंय. जीव भांड्यात पडला. काट्यावर चढायच्या आधी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली, म्हणे घसा कोरडा पडतोय. हवाच तशी आहे.

मी आज चांगली पोटभर जेवले. ताई समोर बसून माझं ताट बघत होती. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, ही सतराची. तेव्हापासून मी जेवायला बसले की ही समोर. लोकांचे कपडे शिवून मला शिकवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याबद्दल आजवर अवाक्षर नाही. मीच कधी विषय काढला तर सुईत दोरा ओवायला सांगते.

९ जानेवारी

पाणी बर्फासारखं. मासे तळाशी पडून राहतात, खात नाहीत. काळजातली साखर जवळजवळ संपलेली, मांसातली चरबी निम्म्यावर.

तलावावरून मासे आणून देणारा कोळी आज हटून बसला. "बाई, तुम्ही म्हणता मासा वाळला. मग वजनाला तेवढाच कसा?" त्याला उभ्या उभ्या समजावलं — चरबी गेली की तिच्या जागी पाणी शिरतं. मासा आतून रिकामा होत जातो आणि वर काही कळत नाही. ओल्या वजनावर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून तर आम्ही वाळवतो. त्यानं मान हलवली. पटलं नाही त्याला. जाऊ दे.

ताई, गेल्या रविवारी — बावन्न.

१५ फेब्रुवारी

ताईच्या बोटातली अंगठी निघेना. साबण लावून, ओढून, शेवटी नाद सोडला. "जाड झालीस की," म्हटलं. हसली. पण चष्मा मात्र नाकावरून सारखा घसरतो. उद्या दुकानात नेऊन दांड्या घट्ट करून आणायला हव्यात.

बावन्न.

१६ फेब्रुवारी

चष्मा राहिला. साहेबांना तिमाहीचे तक्ते हवे होते.

१२ मार्च

पाणी तापायला लागलं. माद्यांची पोटं गाभोळीनं तट्ट फुगलीत आणि जठरात काही म्हणजे काही नाही. अंगावरचं मांस झिजवून अंडी भरतायत. मांसात नुसतं पाणी, सुरी लावली की पाझरतं. दर वर्षी बघते, दर वर्षी वाईट वाटतं. एक्सप्रेस म्हणाला, "त्यांना काय कळतंय, मॅडम."

कोळी उशिरा आला. आम्ही प्रत्येक मासा आधी अंगठ्यानं दाबून बघतो. मांस वर उसळलं तर ताजा, खड्डा राहिला तर परत. आज अर्धी टोपली परत केली. त्यानं तोंड वाकडं केलं.

१४ मार्च

ताईचे पाय दुखत होते. मोजे काढून दिले. घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटला होता, खोल. मी अंगठा दाबला. का दाबला ते मला माहीत नाही — हात सवयीनं गेला. खड्डा पडला. पडला तो तसाच राहिला.

मी बघत बसले.

"काय गं?" ताई म्हणाली. "ताजी आहे का?"

१५ मार्च

डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलतात. काळीज — लिव्हर — कडक झालंय. दारूचा थेंब न घेताही होतं म्हणे. बरेच महिने आतल्या आत चालू असणार. हातापायांचं, खांद्यांचं मांस पार झिजलंय, पोटात आणि पायांत पाणी साचलंय.

मी म्हटलं, "पण वजन तर टिकून होतं. मी दर रविवारी बघते."

म्हणाले, "ते वजन पाण्याचं."

मला सांगतोय! बावीस वर्षं मी दुसरं काय केलं? त्या कोळ्याला तोंड वर करून शिकवलं, आणि घरात माझी ताई आतून रिकामी होत होती, आणि मी वाकून आकडा वाचत होते आणि पोटभर जेवत होते. माझ्या तोंडात मारावंसं वाटतंय.

१८ मार्च

सुईनं पोटातलं पाणी काढलं. बादलीत पडताना आवाज येत होता. मी बाहेर गेले नाही.

१९ मार्च

एकेचाळीस.

२१ मार्च

वॉर्डातल्या नर्सनं मला बाजूला घेतलं. "तुमच्या ताईंना सांगा जरा. पाणी मोजून द्यायचंय, आणि त्या वजनाच्या आधी माझ्याकडे पाणी मागतात. तांब्याभर. म्हणतात, बहिणीला सांगू नका."

आत जाऊन विचारलं. आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाली, "चिडू नकोस. मला कळत होतं गं, कपडे सैल होत होते. मीच शिवलेले ते, मला नाही कळणार? म्हटलं, पाण्यानं थोडं वाढलं तर वाढलं."

"पण का?"

"आकडा कमी आला असता तर तू ताटावरून उठली असतीस. लहानपणापासून तुझं तसंच. बावन्न म्हणालीस की नीट जेवायचीस."

डॉक्टरांना जाऊन विचारलं, त्या पाण्यानं काही बिघडलं का. "तांब्याभर पाण्यानं काय होतंय," म्हणाले. मी लवकर आणायला हवं होतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

२ एप्रिल

घरी न्या म्हणाले. आवडेल ते खायला द्या, पथ्याचं आता फार मनावर घेऊ नका. अर्थ कळला. एक्सप्रेस गाडी घेऊन आला, ताईला त्यानंच उचलून वर आणलं. "काहीच वजन नाही हो," म्हणाला आणि जीभ चावली.

ऑफिसात महिनाभराची रजा टाकली. या महिन्याचे मासे तोच तोलेल. दोनदा तोल, म्हटलं. हो म्हणाला.

४ एप्रिल

ताईनं तीन चमचे खाल्ले. मी काही नाही.

५ एप्रिल, रविवार

ताईच म्हणाली, "काटा आण." दोन्ही हातांनी माझा खांदा धरून उभी राहिली. मी वाकले. काटा अडतीसवर होता.

"बावन्न," म्हटलं.

ताई काट्यावरून उतरली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं. मग आता जेवून घे."

समोर बसली. मी जेवले.