शनिवारी पाण्यात काही सोडायचं नाही

मेक्लोंग,
बुधवार, ७ फेब्रुवारी

चि. सुमेत यास,

ताईचा आशीर्वाद. टाके कसे आहेत? हर्नियाच्या माणसानं जड उचलायचं नसतं, जिने चढायचे नसतात आणि फोनवर बोंबलायचं तर मुळीच नसतं. काल तू मला चौदा वेळा फोन केलास आणि चौदाही वेळा बोंबललास. पंधराव्या वेळी मी उचललाच नाही. म्हणून हे पत्र. पत्र मधेच तोडता येत नाही, तेवढं बरं आहे. तुझ्या सासुरवाडीच्या गावाला जाणाऱ्या व्हॅनवाल्या काकांकडे देते आहे. चोनबुरीला, सासूच्या घरी पडल्या पडल्या, तुला संध्याकाळपर्यंत मिळेल.

इकडे सगळं ठीक. आंब्याला मोहोर चांगला आलाय. शाळेच्या स्वयंपाकघरातून मी आठवडाभराची रजा वाढवून घेतली आहे, मुख्याध्यापकबाई तोंड वाकडं करून हो म्हणाल्या. आईचा गुडघा सुजलेला आहे, पण जीभ शाबूत आहे. परवा बांगडे तळले तर म्हणाली, "लामदुआन, हे तळलेत का अंत्यविधी केलास?" तर अशी आहे. शनिवारी चौऱ्याऐंशी पुरी होतील. सात तपं. गल्लीतल्या कुणालाही विचार, तिला किती वर्षं झाली हे आता पाळण्यातल्या पोरांनाही पाठ झालंय.

आता तुझ्या दुकानाविषयी.

तू इस्पितळात जाताना मला म्हणालास, "ताई, नऊ दिवस नुसतं बसायचं. कासवं काय, ना भुंकत ना चावत." तुझ्या दुकानात मी पंधरा वर्षांत दोनदा आले असेन, तेही दारातूनच. मला वाटायचं भाऊ बँकॉकमध्ये दुकान चालवतो, काचेच्या पेट्या, हिरवे दिवे. पेट्या आहेत रे. रस्त्याकडच्या बाजूला दोन. त्यात कासवं सहा. बाकीची मागच्या खोलीत, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, एकावर एक सात थर. वरच्याचं मूत खालच्याच्या डोक्यावर. खिडकी नाही. एक ट्यूबलाइट, तीही डोळे मिचकावणारी. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात. तुझ्या दुकानात सुपातल्यांनाही हसायला जागा नाही.

आणि तू मला लिहून दिलेला तो कागद. तो मी जपून ठेवला आहे. "पाणी फक्त सोमवारी आणि शुक्रवारी. पाणी दिलं की मुततात, वास मारतो, गिऱ्हाईक येत नाही." तुला कुणी आठवड्यातून दोनदा पाणी दिलं असतं तर? "गिऱ्हाईकानं विचारलं तर सांगायचं, वाळवंटातली आहेत, पाणी लागत नाही." पहिल्या दिवशी मी तुझा कागद बाजूला ठेवला आणि एका ट्रेमध्ये बशीत पाणी ओतलं. ती कासवं एकमेकांच्या अंगावरून चढून आली. एकानं नाकापर्यंत तोंड बुडवलं आणि ते हलेचना. मला वाटलं मेलं. पीत होतं. मी घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं पीत होतं.

मी आयुष्यभर चारशे पोरांचा स्वयंपाक केला आहे, सुमेत. भूक कशी दिसते ते मला कळतं. तुझी कासवं खालची वर्तमानपत्रं खात होती. एकमेकांच्या शेपट्या खात होती. तुझा तो रोजचा कोबी म्हणजे जेवण नव्हे, पोट भरल्याचं नाटक आहे. कित्येकांचे डोळे सुजून मिटलेले. एकाला मी उचललं तर पाठ अंगठ्याखाली भिजक्या पुठ्ठ्यासारखी दबली. कासवाची पाठ दबली रे. एक तर उलटं पडलेलं होतं, कधीपासून कोण जाणे. पाय हवेत हलवायचंही त्यानं सोडून दिलं होतं.

शेजारच्या माशांच्या दुकानातली वान्ना मला म्हणाली, "ताई, नवीन आहात म्हणून वाटतंय. चार दिवसांत सवय होईल." मी तिला म्हटलं, "मला झाली तर कासवांनाही होईल का?" त्यावर तिनं स्वतःच एक बशी भरून आणली. मनानं वाईट नाही ती.

गिऱ्हाइकांची तर कमाल. एक बाई पिशवीतून मेलेलं कासव घेऊन आल्या. "दहा दिवसांत बंद पडलं, बदलून द्या." म्हणजे जणू भिंतीवरचं घड्याळ. दुसऱ्या दिवशी एक बाप आणि त्याची सहा-सात वर्षांची लेक. लेकीच्या तळहातावर ते पिल्लू. बाप विचारतो, "एवढंच राहतं ना? आमचा फ्लॅट लहान आहे." तुझ्या कागदाप्रमाणे मी 'हो' म्हणायचं होतं. मी म्हटलं, "दहा वर्षांत तुमच्या गॅसच्या शेगडीएवढं होईल आणि तुमच्यानंतर ही पोर म्हातारी होईपर्यंत जगेल. तुमची तयारी आहे का?" बाप हसला आणि पोरीचा हात धरून गेला. पोर रडत गेली. तुझं अठराशे बातचं नुकसान मी केलं. अशी आणखी बरीच केली, त्याचं मला काही वाटत नाही.

हे सगळं कमी होतं म्हणून की काय, कागदाच्या मागच्या बाजूला ते वाक्य. "ज्यांच्या नाकातून बुडबुडे येतात ती मागच्या निळ्या टबात टाकायची. आईची. सध्या एकाहत्तर आहेत, शुक्रवारपर्यंत पंच्याऐंशी होतील."

मी ते तीनदा वाचलं. आईच्या वयाहून एक जास्त, म्हणजे पंच्याऐंशी कासवं तिच्या दीर्घायुष्यासाठी, पुण्य म्हणून नदीत सोडायची, असं तू दिवाणखान्यात सगळ्यांसमोर जाहीर केलंस. आई तुझ्या पाया पडायची बाकी राहिली होती. गल्लीभर सांगत सुटली, "माझा लेक दुकानातली निवडक देतोय." निवडक कसली? कुजलेली. चौदा कमी होती तर तू वाट बघत होतास, आणखी चौदा आजारी पडायची. तुझी खात्री होती ती पडतीलच.

सोमवारी मी त्या टबातली सगळी फळांच्या पेट्यांत भरून घरी आणली. तू म्हणतोस चोरली. बरं, चोरली. दुकानाची किल्ली मी वान्नाकडे दिली आहे आणि उरलेल्यांना ती रोज पाणी पाजते आहे. तीही तुझ्या हिशेबी चोरच असेल.

आणि काल फोनवर तू काय म्हणालास ते तुला आठवतं का? मला शब्दन्‌शब्द आठवतो. "ताई, ती मरायलाच टेकली आहेत. उकिरड्यात जाण्यापेक्षा आईच्या नावानं नदीत गेली तर कुणाला पुण्य तरी लागेल." वर म्हणालास, "विहाराच्या घाटावर लोक हेच करतात. ही जमिनीवरची आहेत, पोहत नाहीत, हे कुणाला कळतंय? सोडलं की झालं. खाली काय होतं ते कोण बघतंय?"

तिथं मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं ताई हरली. ताई हरली नव्हती.

मी बघितलं होतं, सुमेत.

हे लिहायला मी दोन पानं खर्ची घातली. बांगडे, मोहोर, वान्ना, सगळं लिहिलं. आता लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तू मला खोक्यात घालून एक कासव पाठवलं होतंस. "आईच्या नावानं सोड, वाचेल." मी आंघोळ करून, फुलं, उदबत्ती घेऊन घाटावर गेले. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. कासव म्हणजे पाण्यातलंच, असं आपल्याकडे सगळे समजतात, तसं मीही समजत होते. चौथ्या पायरीवर उभं राहून मी त्याला दोन्ही हातांनी पाण्यात ठेवलं. त्यानं चार वेळा पाय मारले. मग ते दगडासारखं सरळ खाली गेलं. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. तळाशी ते चालत होतं. पायरीकडे, माझ्याकडे. वर चढायला बघत होतं. मी गुडघाभर पाण्यात उतरले असते तर हाताला लागलं असतं. पण नवे कपडे होते, घाटावर लोक होते आणि सोडलेलं परत घ्यायचं नसतं, अपशकुन होतो, हे डोक्यात. मी हात जोडून उभी राहिले. थोड्या वेळानं ते चालायचं थांबलं.

इस्पितळात आईनं डोळे उघडून पहिलं तेच विचारलं, "गेलं का गं नीट?" मी म्हटलं, "नीट गेलं. मधे जाऊन मान वर काढली, मागं वळून बघितलं आणि मग गेलं." कुठून सुचलं देव जाणे. आई त्या दिवशी पहिल्यांदा पेज प्यायली. पुढं उठली, चालली. आणि तेव्हापासून ही गोष्ट तिनं हजार लोकांना सांगितली आहे. "मागं वळून बघितलं हो त्यानं, निरोप घेतल्यासारखं." त्या गोष्टीवर या गल्लीतल्या कितीजणींनी कासवं आणून नदीत टाकली असतील, मोजायची मला हिंमत नाही. ही पंच्याऐंशीसुद्धा त्या गोष्टीतूनच आली. तू पुरवलीस, पण मागणी माझी होती.

म्हणजे तुला बोलायचा अधिकार मला नाही, असं तू म्हणशील. म्हण. तरी बोलणार. मी एक बुडवलं आणि तीन वर्षं झोपेत दचकून उठते. तू रोज सात थर रचतोस आणि घोरतोस.

काल दुपारी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत बसली होती. सगळं सांगितलं, तुझा निळा टब, माझा घाट. तिनं मधे एकदाही टोकलं नाही. झाल्यावर विचारलं,

"म्हणजे मान वर काढली नव्हती त्यानं?"

"नाही."

"मागं वळून?"

"नाही, आई."

"मग मी लोकांना काय सांगत होते?"

"मी सांगितलेलं."

तिनं उरलेल्या शेंगा सोलून टाकल्या. मग म्हणाली, "कुठं आहेत ती?" मी म्हटलं, घराखाली, खांबांच्या मधे, पेट्यांत. तर त्या गुडघ्यानं, बसत बसत, एकेक पायरी उतरली. मला हात लावू दिला नाही. खाली जाऊन चटईवर बसली, गरम पाणी आणि कापूस मागितला आणि एकेकाचे डोळे पुसू लागली. शेतकी कॉलेजातली जनावरांची डॉक्टर, पिम नावाची मुलगी, मी बोलावली होती. ती इंजेक्शनं देत होती. म्हणाली, वीसेक तरी जातील, उरलेली कदाचित राहतील.

तीन आईच्या हातातच गेली. शेवटचं अगदी लहान होतं. आईनं डॉक्टरणीला विचारलं, "हे किती वर्षांचं असेल गं, बाळा?"

"फार तर दोन, आजी."

"नीट ठेवलं असतं तर?"

"तुमच्याएवढं सहज जगलं असतं."

आईनं ते ओटीत घेतलं. मग शेजारणीला हाक मारून विहारात थोरल्या भंतेजींकडे निरोप धाडला, की शनिवारी नऊ भिक्खूंना जेवायला जरूर घेऊन या, पण पाण्यात काही सोडायचं नाही. आणि दीर्घायुष्याचं सूत्र म्हणायचं नाही.

भंतेजींनी उलट विचारलं, मग म्हणायचं काय? चौऱ्याऐंशीचा वाढदिवस आहे, काहीतरी म्हणावंच लागेल.

आई म्हणाली, "मेलेल्यांसाठी जे म्हणता ते म्हणा. आयुष्य मला पुरेसं झालं. दुसऱ्याचं कापून वाढवलेलं आता नको."

मी रात्रीपासून तिला समजावते आहे, की जित्या माणसाच्या वाढदिवसाला मेलेल्यांचं सूत्र म्हणू नये. माझं ती ऐकत नाही, आणि ऐकावं असं माझ्याकडे उरलंय काय? तुझं कदाचित ऐकेल, तू तिचा लाडका. पण तिनं आधीच सांगून ठेवलं आहे की सुमेत आला तर त्यानं तिला एकटीला काही सांगू नये, भिक्खूंसमोर बसून सगळ्या गल्लीला सांगावं. माझी पाळी पहिली आहे. तुझी माझ्यानंतर.

टाके सांभाळून ये. पण ये.

अजून तरी तुझीच ताई,
लामदुआन